तव्यातला बाप

त्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको ओट्यावर बसून डागी संत्री खाऊन राहिलो होतो. एका अंगाला काळा डाग पडलेलं, पेटीत न चालणारं फळ व्यापारी बाजूला फेकतो, अन् पेट्या ठोकणाऱ्याच्या घरी ते पिशवीतून येतं. ती साल काढायची, फोडींवरचे पांढरे दोरे नखानं ओढायची, अर्धं मला द्यायची, अर्धं तिला. साल सुपात टाकायची, वाळवून पुढच्या दिवाळीच्या उटण्यात घालायला. ही दिवाळी होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी म्हटलं, "आंबट हाय." ती म्हणे, "मंग ठेवा खाली." मी काही ठेवलं नाही. बिया अंगणात थुंकत बसलो. शेवटच्या दिवशी माणसाला आधीच काही समजतं असं लोक सांगत फिरतात, ते खोटं आहे. आम्हाला काही समजलं नाही. मला एवढंच समजलं की संत्रं आंबट आहे.

मग सुपातल्या साली पसरवता पसरवता, माझ्याकडे न पाहता ती बोलली, "उद्या ते नागपूरचे सर आले का देव्हाऱ्यातला तवा पुसू देजा त्याईले."

 पितृपक्षापासून ती याच गोष्टीला नाही म्हणत आली होती.

आता परत सीझन लागला आहे. पांढुर्ण्याच्या मंडीत ट्रक उभे आहेत, पेट्यांत भरायच्या तणसाचे भारे उतरून राहिले, सकाळपासून खिळ्यांची ठकठक. हातात हातोडी आहे म्हणून मीही ठोकतो. संत्र्याचा वास लोकांना आवडतो म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा आला की नाक वर करतो अन् वा वा करतो. मला त्या वासाचा राग येतो. तो कोणाला न विचारता घरात शिरतो, सोलणारं माणूस घरात नसलं तरी शिरतो, अन् उशीवर जाऊन बसतो. परवा एक व्यापारी म्हणे, "काका, यंदाचं फळ गोड हाय, चाखून पाहा." मी म्हटलं, "तूच चाख." तो हसला. त्याला वाटलं, बुढा मजाक करून राहिला.

तवा म्हणजे भाकरीचा तवा नव्हे. जुन्या लाखेच्या रेकॉर्डीला आमच्याकडचे बँडवाले तवा म्हणत. तसा एक आमच्या देव्हाऱ्यात होता. पुढे अन्नपूर्णा, बाळकृष्ण, एक पितळेचा नंदी, अन् मागे भिंतीला टेकवलेला हा काळा गोल. त्यात माझा सासरा होता. म्हणजे असं कौसल्या म्हणे. कौसल्या माझी बायको, सासऱ्याचं नाव डोमाजी. हा डोमाजी सौंसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर होता. तिथं गोऱ्या साहेबांचा क्लब, क्लबात बाजा. कपबशा उचलता उचलता हा ट्रंपेट वाजवायला शिकला. शिकला ते शिकला, पण मग त्याला खाण पुरेना, गाव पुरेना, बायको पुरेना. एका फिरत्या बँडासोबत नागपूर, अन् तिथून कलकत्ता. एकदाच परत आला. पोरीच्या मांडीवर हा तवा ठेवला अन् म्हणे, "याच्यात मी वाजवलं हाय, बाई. माही याद आली का लावजो." त्या घरात तवा लावायला यंत्र नव्हतं. चुलीवर ठेवायला काही नव्हतं ते वेगळंच. तो गेला तो गेला. कुठं जगला, कुठं मेला, कोणाला माहीत नाही. माय गेल्यावर कौसल्याला रामाकोन्याच्या मावशीनं वाढवलं. माझ्या लग्नात सासऱ्याच्या जागी मावसा बसला होता, अन् तोही आंधळा.

असल्या माणसाबद्दल मला काय वाटतं ते मी कधी लपवलं नाही. वाजवणं शिकलास, चांगलं केलंस. पण घरी एक पोरगी बसलेली आहे हे तुला त्या पिपाणीतून दिसलं नाही काय?

कौसल्या लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगडी अन् त्यांच्यामध्ये हा तवा. माझी वच्छलावहिनी, मोठ्या भावाची बायको, शेजारच्याच घरात राहते. तिची जीभ अजूनही तशीच आहे. पहिल्याच हळदीकुंकवाला साऱ्या बायकांसमोर तिनं विचारलं, "काहून वो कौसल्या, तुहा बाप लग्नात आला नाही, का तव्यात बसून आला होता?" बायका हसल्या. तेव्हापासून गल्लीत तिचं नावच पडलं, तव्यातल्या बापाची पोरगी. नळावर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. कोणाशी भांडण झालं की पहिला दगड तोच. कौसल्या अशा वेळी घरात यायची, कुंकवाचा करंडा उघडायची अन् तव्याच्या मधल्या गोल कागदावर बोट ओढायची. आधी हळद, वर कुंकू. दसऱ्याला, दिवाळीला, पोळ्याला, अन् वहिनी जेव्हा जेव्हा बोलली तेव्हा तेव्हा. वहिनी लय बोलत होती, म्हणून त्या कागदावर थर चढत चढत गेला.

मेलेल्याची तिथी माहीत नसली की सर्वपित्री आवसेला त्याचं पान ठेवतात. ती डोमाजीचं पान तव्यासमोर ठेवी. वरण, भात, वडे, कढी. मी एकदा म्हटलं, "एक तं त्याले मेला समज, नाहीतर जिता समज. इकडे पान ठेवतं अन् इकडे कुंकू लावतं, हे काय हाय?" ती म्हणे, "मेला असन तं जेवन. जिता असन तं कुंकू असू द्या."  पान ठेवून झालं की चावीचा ग्रामोफोन काढायची. तो मी भंगारातून आणला होता, दुरुस्त करून. वर्षातून एकदा तवा लागे. सुई घासते म्हणून जास्त नाही.

ते वाजणं मला कधी समजलं नाही. भजन आहे का, तर नाही. लग्नातला बँड आहे का, तर तसा वाटतो अन् मग वाटत नाही. सारे एकदम बोलायला लागतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, मंडीत बोली चढताना जसं होतं तसं. मग एकाएकी बाकीचे मागे सरकतात अन् एकटा ट्रंपेट पुढे येतो. तो येण्याच्या जरा आधी कोणीतरी खोकतं. बारीक, घसा साफ करण्यापुरतं. तवा तयार करताना कोण्या बेअक्कल माणसाला खोकला आवरला नाही, तो कायमचा त्यात अडकला. त्या खोकल्याला कौसल्या मान हलवायची. "माहा बाप हाय तो," म्हणायची. "वाजवाच्या आधी असाच खोकत जाय." ट्रंपेटपेक्षा तिला तो खोकलाच प्यारा होता. ट्रंपेट कोणीही वाजवतं.

सर आले तेही सर्वपित्रीलाच. खांद्याला टेपरेकॉर्डर, डोळ्यांवर जाड काचा, तोंडात गरजेपेक्षा जास्त नम्रपणा. नागपुरात कॉलेजात शिकवत अन् सुटीत जुने तवे शोधत फिरत. माझ्या ग्रामोफोनला ज्यानं स्प्रिंग बसवली त्याच्याकडून आमचा पत्ता काढला म्हणे. दारातून म्हणाले, "काका, तुमच्याकडे एक दुर्मिळ ध्वनिमुद्रिका आहे असं ऐकलं."

"आमच्याकडे तवा हाय," मी म्हटलं.

"तेच. बघायला मिळेल का?"

कौसल्या आतून म्हणाली, "पान ठेवलं हाय जी. आधी कावळा, मंग तुमी." सर तास दीड तास ओट्यावर बसले. कावळाही त्या दिवशी शहाणा निघाला, येता येईना. मला वाटलं जातील. गेले नाहीत.

तवा लागल्यावर त्यांनी डोळे मिटले अन् पायानं ठेका धरला. मला कोणी माझ्या घरात डोळे मिटून बसलेलं आवडत नाही. संपल्यावर म्हणाले, "जॅझ आहे हे, काका. आपल्याकडे जॅझच्या फार थोड्या रेकॉर्डी निघाल्या. हिची एक फुटकी प्रत माझ्याकडे आहे, अर्धीच वाजते. अख्खी मी आज पहिल्यांदा ऐकली." ते या साऱ्या रेकॉर्डींचं पुस्तक करून राहिले होते. कोणती रेकॉर्ड कुठं भरली, कोणत्या दिवशी, अन् त्यात कोण कोण वाजवत होतं. हे शेवटचंच अवघड, असं ते म्हणाले. रेकॉर्डीवर बँडाच्या मालकाचं नाव असे, वाजवणाऱ्यांची कोणी टिपून ठेवली नाहीत, ठेवली असतील ती कागदं गेली. या बँडात ट्रंपेटवाले दोन होते. एक गोव्याचा, त्याचं नाव त्यांना मिळालं होतं. दुसरा कोण, ते कोणालाच ठाऊक नाही.

"मले ठाऊक हाय," कौसल्या म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला बापाचं नाव विचारून राहिलं होतं, अन् तेही लिहून घ्यायला. तिनं पदर सावरला. तिचा आवाजही बदलला. डोमाजी, खाण, क्लब, कलकत्ता, सारं सांगितलं. खोकल्यापाशी आली तेव्हा सरांनी तो तुकडा टेपवर परत परत लावला. मग हळूच म्हणाले, "काकू, खोकला कोणाचाही असू शकतो."

"बापाचा खोकला पोरीले समजत नाही काय?"

"समजत असेल. पण पुस्तकात मला तसं लिहिता येत नाही." मग ते तव्याकडे वाकले. "काही प्रतींवर मालकाच्या नावाखाली, एकट्यानं पुढे वाजवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात छापत. माझ्या प्रतीचा तेवढाच भाग फुटलाय. तुमच्या प्रतीवर..." अन् ते थांबले. मधला गोल कागद दिसतच नव्हता. तिथं लाल पिवळी खपली होती, शेंदराच्या मारोतीसारखी. सरांचा चेहरा असा झाला, जणू त्यांचं कोणी गेलं आहे. "काकू, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? पूजा केली."

"थोडा ओला कापूस लावून बघू? अगदी हलक्या हातानं. खाली नाव असलं तर प्रश्नच मिटला."

"माह्या बापाचं कुंकू पुसाले आले काय तुमी?" कौसल्या म्हणाली. असा आवाज तिचा मी वहिनीसमोरही ऐकला नव्हता. सर मागे सरकले. त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

पण जाण्याआधी त्यांनी एक आगाऊपणा केला. तिनं विचारलं, "मंग माह्या बापाचं काय लिहान?" तर त्यांनी टिपून घेतलेला कागद पुढे धरला. कौसल्या अक्षर अक्षर लावून वाचायची. डोमाजीचं नाव तिनं बोटानं ओळखलं, अन् बोट पुढे सरकून थांबलं. "हे वाकडं काय हाय?"

"ते प्रश्नचिन्ह. म्हणजे खात्री नाही."

ते वाकडं आमच्या घरात राहायला आलं ते गेलंच नाही. सर गेले, दसरा आला, झेंडू आला, आंबिया बहाराची संत्री पिवळी व्हायला लागली, अन् आमच्या घरात एकच बोलणं. चुलीपुढे बसून ती म्हणायची, "प्रश्नचिन्ह म्हंजे हाय बी अन् नाही बी, असंच न?" मी म्हणायचो, "म्हंजे त्या मास्तराले काही ठाऊक नाही." थोड्या वेळानं परत, "मंग बापापुढं वाकडं लागलं म्हंजे पोरीपुढं बी लागलंच न?" वहिनीला या गोष्टीचा वास लागलाच. तिनं भिंतीवरून विचारलं, "काहून वो, तुहा बाप आता पुस्तकात जाऊन बसून राहिला म्हने? तव्यात जागा पुरली नाही काय?" कौसल्यानं या वेळी कुंकवाला हात लावला नाही. तिथंच मला समजायला हवं होतं की गडबड आहे.

मला त्या सरांचा राग अजूनही आहे. माणूस वाईट नव्हता. पण ही शिकलेली माणसं दुसऱ्याच्या घरी येतात, चांगली सुकलेली जखम दिसली की हळूच पापुद्रा उचलतात, अन् म्हणतात, खात्री नाही. तुमची खात्री तुमच्यापाशी ठेवा न. प्रश्नचिन्ह लावायचंच होतं तर डोमाजीच्या वाजवण्यापुढे काहून? त्याच्या बापपणापुढे लावा. तिथं मी तुम्हाला पाहिजे तेवढ्या खात्रीनं सांगतो. त्यांचं पुस्तक निघालं असेल. मी मागवलं नाही.

एवढं नावाचं काय घेऊन बसली, असं मी तिला एकदा म्हटलंही होतं. मी जन्मभर पेट्या ठोकल्या. माझी पेटी दिल्लीला जाते, कलकत्त्याला जाते. तिच्यावर व्यापाऱ्याचं नाव असतं, शाईनं छापलेलं, सोबत एखादी देवी नाहीतर मोर. कोणत्या हातानं खिळा मारला ते कोणी विचारत नाही. पेटी रस्त्यात फुटली नाही म्हणजे झालं. डोमाजीचंही तेच. वाजलं न? ऐकू येतं न? मग? कौसल्या तेव्हा संत्री निवडत होती, मोठी एकीकडे, बारीक एकीकडे. हात न थांबवता म्हणाली, "तुमची पोरगी तुमाले शोधत फिरत नाही, म्हनून बोलता. आपल्याले असती तं समजलं असतं." आम्हाला लेकरू झालं नाही. या गोष्टीवर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली अन् लगेच पुढचं संत्रं उचललं.

मग एक दिवस तिनं मला सौंसरच्या बसमध्ये बसवलं. खाणीवरचं जुनं माणूस कोणी उरलं आहे का ते पाहायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, फांद्यांना टेकू दिलेले, मधेच कापसाची वावरं, वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. ती खिडकीतून काही पाहत नव्हती. ओठ हलवून राहिली होती. कोणाला काय विचारायचं ते पाठ करून राहिली होती. गावोगाव फिरून शेवटी एक म्हातारा सापडला, खाटेवर, कानाला हात लावून ऐकणारा. कौसल्या त्याच्या पायाशी बसली. "डोमाजी म्हनून होता जी, क्लबात. टिरंपेट वाजवत जाय."

"डोमाजी?" म्हातारा विचारात पडला. "होता, होता एक. उंचेला. मुनीमाची सायकल घेऊन गेला तो. आनलीच नाही परत."

"वाजवत होता न पन?"

"सायकल नवी होती," म्हातारा म्हणाला. त्याला दुसरं काही आठवेना. चाक, घंटी, मागचं कॅरिअर, सारं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मला हसू आवरेना. मी म्हटलं, "चाल, एक तं पक्कं झालं. तुहा बाप सायकल बरी चालवत होता." ती माझ्यावर चिडेल असं वाटलं. ती पण हसली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बसमधली माणसं वळून पाहायला लागली. मग म्हणाली, "उंचेला म्हने. मले ठाऊकच नव्हतं. मले तं तो बसलेलाच याद हाय, वाजवताना." पुढे जामसांवलीचा फाटा आला तेव्हा तिनं तिथल्या मारोतीला खिडकीतूनच हात जोडले. काय मागितलं ते मला माहीत आहे. मारोतीनं काय केलं तेही माहीत आहे.

त्यानंतर सर परत आले, दिवाळी उलटल्यावर. पुस्तक छापायला जायचं होतं. ते म्हणाले, "काकू, मी जबरदस्ती करणार नाही. पण आता नाही तर मग ते चिन्ह तसंच राहील." ती म्हणाली, "विचार करतो." त्यांनी पुढची एक सकाळ ठरवली अन् गेले. ती विचार करून राहिली. पेटीत तणस भरताना, भाकरी थापताना, देव्हाऱ्यासमोर दिवा लावताना तिच्या चेहऱ्यावर तोच विचार. मी तिला एकदाही सांगितलं नाही की पुसू दे, किंवा पुसू नको. एवढं एक मी बरं केलं असं मला वाटतं. बाकी माझ्या जिभेनं तिला सुख कधी दिलं नाही, अन् तिनं ते मागितलंही नाही.

तर ती दुपार. ओटा, सूप, आंबट संत्रं. पुसू देजा म्हणाली तेव्हा मी विचारलं, "पक्कं?" ती म्हणे, "हाव."  समोरून एक ट्रक गेला, धूळ उडाली, तिनं सुपावर पदर धरला. मग म्हणाली, "पन मी तिथं थांबत नाही. मी गुराच्या वाड्याकडे जाईन, गवऱ्या आनाले. तुमी थांबजा. नाव निघलं तं मोठ्यानं आवाज द्या, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असा. वच्छीले बी ऐकू गेलं पाहिजे."

"अन् नाही निघलं तं?"

"तं मले सांगू नका."

अर्धं संत्रं तिनं माझ्यापुढे केलं. मी घेतलं. मग आम्ही नेहमीसारखे उठलो.

सकाळी चहाचं भांडं वाजलं नाही म्हणून मला जाग आली. ती माझ्या आधी उठली नाही असं कधी झालं नव्हतं. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग हात लावला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. डॉक्टर म्हणे, झोपेतच गेली, त्रास झाला नसेल. त्याला तरी काय खात्री? पण तिथं कोणी वाकडं चिन्ह लावत नाही.

उन्हं अंगणात आली तोवर गल्ली जमली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, सवाशीण गेली म्हणून. वच्छलावहिनी सगळ्यांत पुढे, रडणंही सगळ्यांत मोठं तिचं. ते पाहून मला तिथून उठावंसं वाटत होतं. तेवढ्यात नागपूरच्या पहिल्या बसनं सर आले. हातात पिशवी, पिशवीत कापसाचा गुंडाळा. गर्दी पाहिली, अंगणात पाहिलं, अन् तिथंच उभे राहिले. मग माझ्याकडे येऊन हात जोडले. "काका, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी जातो. नंतर कधीतरी..."

"कायले जाता?" मी म्हटलं. "तिनं हो म्हटलं हाय. चाला आत."

मी देव्हाऱ्यातून तवा उचलला तशी वहिनी बाहेरून ओरडली, "भाऊजी! सुतक हाय. देवाले हात नोका लावू!"

"देव नाही हा," मी म्हटलं. "सासरा हाय माहा."

आम्ही दोघं खाली बसलो.  त्यांनी कापूस ओला केला अन् एका कडेपासून सुरुवात केली. लाल सुटलं. मग पिवळं सुटलं. मग परत लाल, परत पिवळं. इतके थर, जणू साऱ्या दसऱ्या दिवाळ्या एकेक करून उतरून राहिल्या होत्या. बाहेर बायका रडत होत्या, आत आम्ही दोन पुरुष एका काळ्या थाळीवर वाकलेले. माझा त्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता, डोमाजीवर तर नव्हताच. तरी मी पाहून राहिलो होतो, डोळे फाडून, की निघ लेका, आता तरी निघ. आयुष्यात एकदा तरी वेळेवर ये.

सरांनी कापूस थांबवला. हळदीकुंकवासोबत कागदच उठून आला होता, भिजलेल्या भातासारखा. खाली नुसती लाख. ना मालकाचं नाव, ना खालची बारीक अक्षरं.

"काही नाही, काका," ते हळूच म्हणाले. "कागदच राहिला नाही. कळायला आता मार्ग नाही."

मी उठलो. अंगणात बायका तिचा मळवट भरायला बसल्या होत्या, वहिनीच्या हातात करंडा. मी म्हटलं, "सरका." त्या सरकल्या. मी तिच्या कानाशी खाली बसलो, पण बोललो मात्र मोठ्यानं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला, जसा तिनं सांगितला होता.

"कौसल्या, निघलं वं नाव!"

रडणं थांबलं. वहिनीनं विचारलं, "कोनाचं नाव, भाऊजी?"

"तिच्या बापाचं. डोमाजी. छापलेलं हाय, बारीक अक्षरात."

वहिनीनं दाराकडे पाहिलं. दारात सर उभे होते, हातात लाल कापूस. साऱ्या बायका त्यांच्याकडे पाहायला लागल्या. मीही पाहिलं. मी कसं पाहिलं ते मला ठाऊक नाही, पण सरांनी मूठ मिटली.

"हो," ते म्हणाले. "आहे."

"अन् पुढे ते वाकडं?" मी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "वाकडं काही नाही."

मग मी वहिनीला म्हटलं, "भरा आता मळवट. अन् नीट भरा."